हिरवळीचे सपाटीकरण

हिरवळीचे सपाटीकरण म्हणजे घराभोवतालच्या किंवा उद्यानातील हिरवळीवर पडलेले खड्डे आणि उंचवटे दूर करून तिचा पृष्ठभाग एकसारखा करण्याची क्रिया होय. गवत न उपटता त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर पसरणे आणि गवत त्या थरातून वर आल्यावर आवश्यकतेनुसार पुन्हा थर देणे, ही या कामाची सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. तिला भर देणे किंवा टॉप ड्रेसिंग असे म्हणतात.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत हे काम इतर प्रदेशांपेक्षा काहीसे वेगळे ठरते. येथील भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे पृष्ठभाग दरवर्षी हलतो. एकदा सपाट केलेली हिरवळ कायम सपाट राहत नाही आणि वाळूप्रधान जमिनींसाठी सांगितलेले उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. भरीसाठी कोणती माती वापरली आणि ती कोणत्या हंगामात दिली, यांवर कामाचे यश मुख्यतः अवलंबून असते.

## संज्ञा

शेतीच्या परिभाषेत टॉप ड्रेसिंग या शब्दाचा अर्थ निराळा आहे. उभ्या पिकाला पेरणीनंतर नत्रयुक्त खताचा जो दुसरा हप्ता देतात, त्याला वरखत किंवा टॉप ड्रेसिंग म्हणतात. हिरवळीच्या संदर्भात मात्र हा शब्द प्रामुख्याने मातीच्या थरासाठी वापरतात. उसाच्या बुडाशी माती चढविण्यास 'मातीची भर देणे' असे म्हणतात. हिरवळीवरील क्रियेस तोच शब्द सहज लागू पडतो, म्हणून या लेखात 'भर' हा शब्द वापरला आहे. 'हिरवळीचे खत' ही संज्ञा ताग, धैंचा यांसारखी पिके जमिनीत गाडून केलेल्या खतासाठी आहे. तिचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.

बोलीभाषेत 'लॉन' हा शब्द घरापुढील हिरवळीसाठी जसा वापरतात, तसाच मोकळ्या जागेतील मंगल कार्यालयासाठीही वापरतात. मांडवाचे खांब, खुर्च्या आणि वाहने यांच्या भाराने अशा ठिकाणची हिरवळ विशेष लवकर खडबडीत होते.

## परिसरातील जमीन

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला. त्याच्या झिजेतून येथील काळी कसदार माती तयार झाली. तिला रेगूर किंवा कापसाची काळी माती असेही म्हणतात. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्र आणि तेथे विकसित झालेला 'नांदेड ४४' हा संकरित वाण या मातीची आणि पिकाची जवळीक दर्शवितात. गोदावरी, मांजरा आणि मन्याड या नद्यांच्या काठी मातीचा थर अधिक खोल असतो. माळरानावर तो उथळ असून लगेच खाली मुरूम लागतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, देगलूर आणि बिलोलीच्या बाजूस, बेसाल्ट संपून ग्रॅनाइट व नाइस हे जुने खडक उघडे पडतात. तेथे हलकी, वाळूमिश्रित, तांबूस जमीनही आढळते.

काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० ते ६० टक्के असते. या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट वर्गातील खनिजे प्रामुख्याने असतात. त्यांच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगतात आणि पाणी निघून गेले की आकसतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा काही सेंटिमीटर रुंद असतात आणि खोल जमिनीत एक मीटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली जातात.

भेगांमध्ये पृष्ठभागावरची भुसभुशीत माती पडते. पावसाळ्यात खालचा थर फुगतो तेव्हा भेगेत पडलेल्या या जादा मातीमुळे त्याला जागा अपुरी पडते आणि माती बाजूला व वर ढकलली जाते. अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःला हळूहळू उलथत असते. शास्त्रीय वर्गीकरणात या जमिनींना 'व्हर्टिसॉल' म्हणतात. हे नाव 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे. न नांगरलेल्या अशा जमिनीवर आपोआप निर्माण होणाऱ्या लहान खळग्यांच्या आणि उंचवट्यांच्या रचनेस 'गिलगाई' हा ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषांमधून आलेला शब्द रूढ आहे. शेतात नांगरट आणि वखरणी यांमुळे ही रचना मोडत राहते. हिरवळीखालची जमीन वर्षानुवर्षे नांगरली जात नसल्याने तेथे ती टिकून राहू शकते.

## खडबडीतपणाची कारणे

जमिनीच्या स्वाभाविक हालचालीखेरीज पुढील कारणांनी हिरवळ ओबडधोबड होते.

* भराव खचणे : मराठीत गावठाणाला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याची जुनी रीत आहे. वस्ती पांढरीत आणि पीक काळीत, अशी ती विभागणी होती. शहरांच्या वाढीबरोबर नव्या वसाहती बिनशेती केलेल्या काळ्या जमिनीवर उभ्या राहिल्या. पायाच्या खोदाईतून निघालेली माती, विटांचे तुकडे आणि मुरूम अंगणात पसरून त्यावरच हिरवळ लावली जाते. हा भराव पुढील तीन-चार पावसाळे असमान रीतीने खचत राहतो.
* चर बसणे : नळ, सांडपाणी किंवा विजेच्या तारा यांसाठी खोदलेले चर नीट न धुमसता बुजविल्यास हिरवळीवर सरळ रेषेत खोलगट पट्टा दिसू लागतो. असा पट्टा अचानक आणि कोरड्या दिवसांत ओला दिसला, तर नळगळतीची शक्यता आधी तपासावी लागते.
* कुजणारे अवशेष : झाडाचा जुना बुंधा किंवा मुळ्या जमिनीत राहिल्यास त्या कुजल्यावर वरची माती खाली बसते.
* प्राणी व कीटक : घुशी व उंदीर यांची बिळे, मुंग्यांची वारुळे आणि हुमणीच्या अळ्या शोधण्यासाठी पक्ष्यांनी केलेली उकराउकर यांमुळे पृष्ठभाग बिघडतो. गांडुळांच्या विष्ठेच्या लहान ढिगांमुळेही थोडा खरखरीतपणा येतो, परंतु गांडुळे जमिनीला उपकारक असल्याने त्यांचा नाश करीत नाहीत.
* ओल्या जमिनीवरील वावर : पावसात भिजलेल्या काळ्या मातीवरून चालल्यास किंवा दुचाकी नेल्यास ठसे उमटतात आणि वाळल्यावर ते कठीण होऊन तसेच राहतात.
* गवताची असमान वाढ : जुनी खोडे आणि मृत गवत यांचा जाड थर काही ठिकाणी साचल्यास जमीन सपाट असूनही हिरवळ उंचसखल भासते.

## पूर्वपाहणी

काळ्या जमिनीवर एकाच पाहणीवरून खड्डे ठरविणे फसवे असते. मे महिन्यात भेगांच्या कडेला दिसणारा खोलगट भाग जुलैमध्ये माती फुगल्यावर नाहीसा होऊ शकतो. उन्हाळ्यात तो भरला, तर पावसाळ्यात त्याच जागी उंचवटा येतो. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळ्याच्या मध्यास एकदा अशी दोन वेळा पाहणी करणे उपयुक्त ठरते. दोन्ही वेळा जेथे खड्डा आढळतो, तेथेच माती खरोखर कमी आहे असे समजता येते. जो खड्डा एकाच ऋतूत दिसतो, तो जमिनीच्या आकसण्या-फुगण्याचा भाग असतो. त्याला अगदी पातळ भर पुरते किंवा तो तसाच सोडून देतात.

पाहणीसाठी खुंट्या, ताणलेली दोरी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी एवढे साहित्य पुरते. सुमारे दोन मीटर लांबीची सरळ फळी हिरवळीवर आडवी ठेवून तिच्याखालील फट मोजली म्हणजे खड्ड्याची खोली कळते. जोरदार पावसानंतर तासाभराने पाणी कोठे साचून राहते हे पाहणे, ही सर्वांत सोपी कसोटी होय.

सपाट हिरवळ याचा अर्थ पूर्णपणे समपातळीतील हिरवळ असा नाही. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर इतका उतार राखणे आवश्यक असते. काळ्या मातीवरील घरांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. जोत्यालगतची माती सतत ओली आणि आतील माती कोरडी राहिल्यास पायाखालील जमीन असमान फुगते आणि भिंतींना तडे जाऊ शकतात. त्यामुळे हिरवळ भिंतीला भिडवू नये. मध्ये फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा ठेवावा आणि भरीमुळे जमिनीची पातळी जोत्याच्या वर जाऊ देऊ नये.

## भरीचे साहित्य

भर शक्यतो मूळ जमिनीशी मिळतीजुळती, परंतु तिच्याहून थोडी हलकी असावी, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. दोन थरांच्या पोतात मोठा फरक असल्यास पाणी एका थरातून दुसऱ्यात सहज उतरत नाही आणि मुळेही वरच्याच थरात राहतात.

* पोयटा : वाळू, गाळवट आणि चिकणमाती यांचे समतोल मिश्रण असलेली ही माती भरीचा मुख्य घटक म्हणून योग्य असते. ती ५ ते ६ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळून घेतात.
* वाळू : जाड, धुतलेली वाळू मिश्रणात वापरतात. नदीतील वाळू हे गौण खनिज असून तिच्या उत्खननास व वाहतुकीस परवाना लागतो. गोदावरी आणि मांजरा यांच्या पात्रांतून होणाऱ्या उपशामुळे नदीपात्रे व परिसरातील भूजल यांची हानी होत असल्याने अलीकडे दगड दळून केलेली कृत्रिम वाळू अधिक वापरली जाते. ती घेताना त्यातील बारीक भुकटी चाळून किंवा धुऊन काढावी लागते. भुकटी राहिल्यास थर वाळून दगडासारखा घट्ट होतो.
* शेणखत, गांडूळखत : पूर्ण कुजलेले आणि चाळलेले खत थोड्या प्रमाणात मिसळतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी येते. केवळ खताचीच भर दिल्यास ते काही महिन्यांत कुजून थर पुन्हा खाली बसतो.
* लाल माती : रोपवाटिकांमध्ये मिळणारी लाल माती उपयोगी पडते, परंतु तिचा पोत तपासून घ्यावा लागतो. काही लाल माती चिकट, तर काही केवळ मुरमाड असते.
* तलावातील गाळ : महाराष्ट्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेमुळे गाळाचा वापर परिचित झाला आहे. उथळ, मुरमाड शेतास गाळ अत्यंत लाभदायक असतो. मात्र काळ्या मातीच्या प्रदेशातील गाळ हा बहुतांशी वाहून आलेली चिकणमातीच असतो. भारी जमिनीवरील हिरवळीवर तो पसरल्यास वरचा थर अधिकच तडकतो.

भारी काळ्या जमिनीसाठी दोन भाग पोयटा, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग कुजलेले खत, असे मिश्रण घेता येते. माळावरील उथळ, मुरमाड जमिनीवर वाळूचे प्रमाण कमी करून पोयटा व खत वाढवितात. लव्हाळा, कुंदा आणि गाजरगवत यांची मुळे, गाठी व बी असलेली माती टाळणे आवश्यक असते. लव्हाळ्याच्या गाठी एकदा हिरवळीत शिरल्या की त्या निवडून काढणे फार कठीण जाते.

येथील काळी माती बहुधा विम्लधर्मी असून तिच्यात चुनखडीचे खडे आढळतात. म्हणून भरीमध्ये चुना मिसळत नाहीत. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीपुरता असतो. तशी जमीन आहे किंवा नाही, हे माती परीक्षणावरूनच ठरविता येते. मराठवाड्यासाठीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणी येथे असून लातूर येथे त्याचे कृषी महाविद्यालय आहे. जिल्ह्यांतील मृद्परीक्षण प्रयोगशाळांमधून माती तपासून घेता येते.

## भरीचे परिमाण

एका वेळच्या थराची जाडी ५ ते १० मिलिमीटर ठेवतात. खड्ड्याच्या जागी ती थोडी अधिक असू शकते, परंतु गवताच्या पात्यांची टोके मातीच्या वर दिसत राहिली पाहिजेत. पाती पूर्ण झाकली गेल्यास गवताला सूर्यप्रकाश मिळत नाही आणि ते पिवळे पडून कुजते.

५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर हिरवळीवर ६ मिलिमीटर जाडीचा थर देण्यास सुमारे १० घनफूट मिश्रण लागते. बांधकाम साहित्य ब्रासच्या मापाने मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट होय. म्हणजेच एवढ्या हिरवळीस एका थरासाठी एक दशांश ब्रास मिश्रण पुरते. त्याचे वजन ओलाव्यानुसार सुमारे चार क्विंटल भरते. संपूर्ण ब्रासभर माती एकदम आणून ती संपविण्यासाठी जाड पसरली जाणे, हे गवत मरण्याचे एक नित्याचे कारण आहे.

## हंगाम आणि वापसा

हिरवळीसाठी मराठवाड्यात प्रामुख्याने हरळी लावतात. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या हीच. तिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. तिचे निवडक, बारीक पानांचे प्रकार रोपवाटिकांमध्ये निरनिराळ्या नावांनी मिळतात. हरळी ही उष्ण हवामानातील वनस्पती असून ती जमिनीवरून व जमिनीखालून पसरणाऱ्या खोडांनी वाढते. त्यामुळे तिला मातीची भर सहज मानवते. कोरियन गवत या नावाने ओळखले जाणारे झोयसियाचे प्रकार दाट परंतु सावकाश वाढतात. त्यांना अधिक पातळ थर द्यावा लागतो.

भर नेहमी गवताच्या जोमदार वाढीच्या काळात देतात. नांदेड आणि लातूर येथे हा काळ मृगाच्या पावसानंतर सुरू होऊन साधारण सप्टेंबरपर्यंत चालतो. मात्र पहिल्या पावसाबरोबर काम हाती घेत नाहीत. आधी भेगा मिटून जमीन पुरेशी फुगणे आवश्यक असते. जुलैमधील पावसाची उघडीप हा बहुधा सर्वांत योग्य समय होय. दुसरा थर चार ते सहा आठवड्यांनी देता येतो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने हरळीची वाढ मंदावते आणि एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. या दोन्ही काळांत भर देणे टाळतात.

दिवस निवडताना वापसा पाहतात. जमीन चिखलासारखी ओली नाही आणि ढेकळासारखी कोरडीही नाही, अशी मशागतीस योग्य अवस्था म्हणजे वापसा. मूठभर माती दाबल्यावर तिचा गोळा व्हावा, पण तो बोटाने टोचताच फुटावा आणि माती हाताला चिकटू नये, ही त्याची ओळख आहे. काळ्या जमिनीत वापशाची अवस्था थोडेच दिवस टिकते. त्यामुळे मिश्रण आधी तयार करून झाकून ठेवतात.

## कृती

१. भर देण्यापूर्वी दोन-तीन दिवस गवत नेहमीपेक्षा थोडे आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीवर कापतात आणि कापलेले गवत उचलून घेतात.

२. दाताळ्याने मृत गवताचा थर मोकळा करून काढतात. तण मुळासकट काढून टाकतात.

३. बागकामाच्या काट्याने १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर तितकीच खोल छिद्रे पाडतात. पोकळ दात्यांचे यंत्र असल्यास त्यातून निघालेल्या मातीच्या वड्या उचलून टाकतात. ओल्या काळ्या मातीत छिद्रे पाडल्यास त्यांच्या कडा गुळगुळीत होऊन बंद होतात, म्हणून हे काम वापशावरच करतात.

४. कोरडे, चाळलेले मिश्रण घमेल्याने ठिकठिकाणी लहान ढिगांच्या रूपात ओततात आणि फावड्याने उडवून पसरतात.

५. दाताळ्याची पाठ किंवा दोरी बांधलेली सरळ फळी उभी-आडवी ओढून माती सारखी करतात. शेतात ढेकळे फोडून रान सारखे करण्यासाठी फळी फिरवितात, त्याच तत्त्वावर हे काम चालते. फळी उंचवट्यावरील माती पुढे नेऊन खळग्यात सोडते.

६. खराट्याने गवत हलके झाडून पाती मातीतून मोकळी करतात.

७. झारीने किंवा बारीक फवाऱ्याने पाणी देतात. मोठ्या धारेने पाणी सोडल्यास नवी माती वाहून खड्ड्यातच साचते.

पुढील २४ ते ४८ तासांत मुसळधार पावसाची चिन्हे असल्यास काम पुढे ढकलणे इष्ट असते.

## खोल खड्डे आणि उंचवटे

अडीच सेंटिमीटरपर्यंतचा खळगा एका पावसाळ्यात दोन-तीन थरांनी भरून निघतो. त्याहून खोल खड्ड्यासाठी धारदार फावड्याने गवताचा मुळांसह चार-पाच सेंटिमीटर जाडीचा थर कापून चटईसारखा बाजूला गुंडाळतात. खाली माती भरून ती पायाने दाबतात आणि थर पुन्हा जागेवर बसवितात. माती बसण्याची शक्यता धरून पातळी किंचित वर ठेवतात.

उंचवटे भर देऊन घालविता येत नाहीत. आजूबाजूची संपूर्ण हिरवळ उंचवट्याइतकी वर आणण्यापेक्षा तेथील गवताचा थर उचलून खालची जादा माती काढणे सोपे असते. चर खचल्यामुळे पडलेला पट्टा असल्यास माती उघडून, थोडीथोडी भरून, प्रत्येक थर धुमसून घेतात. कारण दूर न करता वरून दिलेली भर दरवर्षी वाया जाते.

## नंतरची निगा

भर दिल्यानंतर पहिले दोन आठवडे हिरवळीवरील वावर कमी ठेवतात. पाऊस नसल्यास वरचा थर ओलसर राहील एवढेच पाणी देतात. पाती तीन-चार सेंटिमीटर वाढल्यावर पहिली कापणी करतात. कापणी यंत्राचे पाते नव्या वाळूमुळे बोथट होऊ शकते, म्हणून माती पूर्ण बसल्यावरच यंत्र फिरवितात. वाढीसाठी दर चौरस मीटरला १० ग्रॅमपर्यंत युरिया सम प्रमाणात देऊन लगेच पाणी देतात. चुनखडीयुक्त मातीत लोहाच्या कमतरतेमुळे कोवळी पाने पिवळी पडतात. अशा वेळी हिराकशीच्या सौम्य द्रावणाची फवारणी करतात.

## प्रचलित गैरसमज

* 'नुसती वाळू टाकली की जमीन सुधारते.' गोल्फच्या मैदानांवर वाळूची भर देतात, परंतु तेथील हिरवळीखालचा थर बहुधा आधीच वाळूचा असतो. चिकणमातीत थोडी वाळू मिसळल्यास कण मोकळे होत नाहीत, उलट ते मातीत रुतून बसतात. वाळूचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक झाल्याशिवाय तिच्या कणांमधील पोकळी निचऱ्यास उपयोगी पडत नाही. शिवाय काळ्या जमिनीवरची सुटी वाळू उन्हाळ्यात भेगांमध्ये उतरते. पुढील पावसाळ्यात माती फुगताना भेग पूर्ण मिटू शकत नाही आणि जमीन वर उचलली जाते.
* 'रूळ फिरविला की हिरवळ सपाट होते.' क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची असून ती रुळाने मुद्दाम कठीण करतात, कारण तिच्यावर चेंडू उसळायचा असतो. हिरवळीची जमीन तशी दाबल्यास मुळांना हवा मिळत नाही. नव्याने लावलेले गवत जमिनीला चिकटावे यासाठी हलका रूळ पुरेसा असतो.
* 'भेगा मातीने भरून टाकाव्यात.' उन्हाळ्यातील भेगा घट्ट भरल्यास पावसाळ्यात जमीन फुगवटे धरते. भेगा पावसाने आपोआप मिटतात. पाय अडकेल इतकी रुंद भेग असल्यास तेवढ्यापुरते कुजलेले खत भुसभुशीत रीतीने टाकतात.

## पाण्याचा प्रश्न

हिरवळीचा विचार या भागात पाण्यापासून वेगळा करता येत नाही. लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे आहे. सलग अपुऱ्या पावसामुळे ते कोरडे पडल्यावर २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यास सुरुवात झाली. पहिल्या गाडीने १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या प्रत्येक खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागल्या. नांदेड शहराला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार असला, तरी तेथेही पावसावरील अवलंबित्व आहेच.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. या हिशेबाने ५०० चौरस फूट हिरवळीस उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी दिल्यास दिवसाला सुमारे २३० लिटर पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी सामान्यतः धरले जाणारे प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर आहे. त्यामुळे टंचाईच्या वर्षी भर देण्याचे काम हाती न घेणे आणि हरळीला उन्हाळ्यात सुकू देणे योग्य ठरते. हरळी वरून वाळली, तरी तिची जमिनीखालील खोडे पुष्कळ काळ तग धरतात आणि पहिल्या पावसाने पुन्हा फुटतात. पावसाळ्यात दिलेल्या भरीला वेगळे पाणी क्वचितच लागते, हाही त्या हंगामाचा एक लाभ होय.

सपाट आणि योग्य उताराच्या हिरवळीवर पाणी सारखे मुरते. खळग्यात पाणी साचणे आणि उंचवट्यावर गवत वाळणे हे दोन्ही टळून तेवढ्याच पाण्यात हिरवळ जगते. सपाटीकरणाचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही, तो यामुळे. ज्या घरी बोअरच्या पाण्यावरच भिस्त आहे, तेथे हिरवळीचे क्षेत्र लहान ठेवून उरलेल्या जागेत स्थानिक झाडेझुडपे लावण्याचा पर्याय अधिक सोयीचा असतो.

## इतिहास आणि पारंपरिक साम्य

गवतावर वाळूची भर देण्याच्या पद्धतीचे श्रेय परंपरेने स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील गोल्फ मैदानाचे रक्षक ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांना दिले जाते. निसर्गात हीच क्रिया गांडुळे करीत असतात. ती खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात आणि पृष्ठभागावर पडलेल्या वस्तू कालांतराने मातीखाली जातात, हे चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या गांडुळांवरील ग्रंथात सविस्तर दाखविले.

मराठवाड्यात घरगुती हिरवळ ही तुलनेने नवी गोष्ट असली, तरी पातळ थर पुनःपुन्हा देऊन पृष्ठभाग राखण्याची रीत जुनी आहे. मातीच्या धाब्याच्या घरांवरील माळवदावर पावसाळ्यापूर्वी मातीचा थर देऊन ते दुरुस्त करण्याची प्रथा होती. अंगण व भुई शेणाने सारवतानाही एकच जाड लेप न देता पातळ लेप वरचेवर देतात, कारण जाड लेप वाळताना तडकतो. काळ्या मातीवरील हिरवळीलाही हाच नियम लागू होतो. थोडी माती, वापशाचा दिवस आणि वर्षाआड पुन्हा पाहणी, इतक्या गोष्टी सांभाळल्या तर हिरवळ समाधानकारक सपाट राहते. ती एका दिवसात कायमची सपाट करण्याचे प्रयत्न मात्र या जमिनीत सहसा टिकत नाहीत.